कागदोपत्री सामान

चंदीगडमध्ये माणसाला नाव नंतर विचारतात, सेक्टर आधी. बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नात हातातल्या ताटलीवरून, कुठेही. आठ, नऊ, दहा असं काही सांगितलंत तर समोरचा तुमच्यासाठी खुर्ची पुढे ओढतो. चाळिशीपुढचा आकडा ऐकला की त्या खुर्चीत तो स्वतः बसतो. माझी अडचण याहून मोठी आहे. मी राहतो इंडस्ट्रियल एरियात, आणि त्या भागाला सेक्टरचा नंबरच नाही. पूर्व मार्ग ओलांडला की शहराचे आकडे संपतात आणि नुसत्या फेज सुरू होतात. एक आणि दोन.

"फेज वन," मी म्हणतो.

"वो तो काम हुआ जी. रहते कहाँ हो?"

"वहीं. फेज वन."

समोरचा क्षणभर माझ्याकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सब ठीक तो है ना जी?"

त्याचंही चुकत नाही. इथे कोणी राहत नाही अशी शहराची ठाम समजूत आहे. इथे नट-बोल्ट आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग बनतात, गाड्यांच्या शोरूम आहेत, सीटीयूच्या बसगाड्यांचा डेपो आहे, आणि 2013 पासून एलांटे मॉल आहे. कारखान्याच्या प्लॉटवर दुकानदारी करू देणारं धोरण 2005 मध्ये आलं आणि लेथच्या जागी काचा दिसू लागल्या. संध्याकाळी शटर पडली की कामगारांच्या सायकली दरिया, रामदरबार, हल्लोमाजरा अशा वस्त्यांकडे वळतात. मागे उरतात वॉचमन, कुत्री आणि मी. पुण्याच्या माणसाला फेज म्हटलं की निदान हिंजवडी तरी आठवते आणि तो हळहळतो. इथल्यांना ते प्रशिक्षण नाही.

माझी खोली एका वर्कशॉपच्या डोक्यावर आहे. जिना बाहेरून, लोखंडी. चढताना सगळ्या एरियाला कळतं की बॉम्बेवाले भाजी, म्हणजे भाऊ, घरी आले. (डोंबिवली हे मुंबईपासून वेगळं आहे हे समजावण्याचा नाद मी पहिल्याच आठवड्यात सोडला. ते मुंबईकरांनाही समजावता आलेलं नाही.) मालकीणबाईंना सगळे आंटीजी म्हणतात. त्या अर्थातच नंबर असलेल्या सेक्टरात, एका कनालच्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, राहतात. प्लॉट कारखान्याचा, त्यामुळे नकाशात माझी खोली खोली नाही, स्टोअर आहे. भाड्याची पावती मागितली तेव्हा आंटीजींना मनापासून प्रश्न पडला.

"बेटा जी, पर्ची किसके नाम की दूँ? स्टोर में तो सामान रहता है."

तेव्हापासून मी कागदोपत्री सामान आहे. रात्री वॉचमन टॉर्च मारत फेरी घालतो आणि वहीत लिहितो, 'स्टोअर ठीक'. एकदा मला सर्दी झाली होती आणि मी बऱ्याच शिंका दिल्या, तरी त्याने 'ठीक'च लिहिलं.

खोली दहा बाय बारा. डोंबिवलीत बदलीची बातमी फुटली तेव्हा आमच्या मजल्यावर चंदीगडबद्दल फार मोठमोठ्या कल्पना होत्या. रुंद रस्ते, झाडं, बंगले. शेजारच्या काकूंनी तर "आता एवढी जागा झाडणार कोण?" अशी काळजीही करून टाकली. मी रोज सकाळी केर काढतो. उभा राहतो, झाडू फिरवतो, जागचा न हलता काम संपतं.

इथल्या जागेचं माप समजायला मला वेळ लागला. इथे चौरस फूट कोणी बोलत नाही. मरला आणि कनाल. वीस मरल्यांचा एक कनाल. चंदीगडचा मरला पंचवीस चौरस यार्डांचा, म्हणजे 225 चौरस फुटांचा. हा आकडा मांडला आणि मी चमकलो. 225! मुंबईत 1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका अख्ख्या कुटुंबाला जेवढं घर ठरलं होतं, तेवढंच हे. पुढे त्याचं 269 झालं, मग 300, आणि दर वाढीला पेढे वाटले गेले. तिकडे ज्या मापात आजी, आजोबा, दोन मुलगे, सुना, नातवंडं आणि गणपती बसवतात, त्या मापाला इथे फक्त सुटे पैसे समजतात. आंटीजींच्या कोठीत पुढच्या दारी जिथे गाडी उभी असते ती जागा मी डोळ्यांनी मोजली. दीड मरला तरी असेल. गाडीला स्वतंत्र उजेड आहे, वारा आहे, वर छप्पर आहे, आणि तिला सेक्टरचा नंबर आहे.

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात दहा-दहा माणसं नांदली, पाळीपाळीने झोपली, मुलं मॅट्रिक झाली, आणि शंभर वर्षं होत आल्यावर आता कुठे पुनर्विकासातले 500 चौरस फूट हातात पडू लागले. चंदीगडमध्ये पेइंग गेस्ट ठेवायचा तर नियमाने माणशी किमान 50 चौरस फूट जागा द्यावी लागते. या हिशेबाने बीडीडीच्या खोलीत तीन माणसं बसली असती. उरलेल्या सातांनी बाहेर राहून पत्रं पाठवली असती. पॅरिसमध्ये 9 चौरस मीटरपेक्षा लहान खोली राहायला भाड्यानेच देता येत नाही, म्हणजे शंभराला तीन कमी चौरस फूट. मी नियमाने पॅरिसमध्ये भाडेकरू होऊ शकतो. फक्त फेज वनमध्ये होऊ शकत नाही.

हे शहर वसवलं तेव्हा राहण्याचा विचार झाला नव्हता असं म्हणायची सोय नाही. उलट फारच बारकाईने झाला होता. सरकारी घरांचे हुद्द्याप्रमाणे तेरा-चौदा प्रकार पाडले होते. वर मुख्यमंत्री, खाली शिपाई. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिअर जेनरे ही वास्तुकार मंडळी त्यावर राबली. जेन ड्रूबाईंनी शिपायाच्या घराला दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि अंगण दिलं. 1950 च्या दशकात शिपायाला अंगण! मुंबईत त्या वेळी हेडक्लार्कला गॅलरीत पाय पसरायचे तर शेजाऱ्याची परवानगी लागे. पण त्या यादीत जो सरकारी नोकर होता त्यालाच घर होतं. ज्यांनी विटा वाहिल्या आणि पुढे जे कारखान्यात लागले, त्यांचा प्रकार पंधरावा, आणि तो छापायचा राहून गेला. त्यांनी आपली घरं आपणच बांधली. इथल्याच फेज वनमध्ये कॉलनी नंबर चार नावाची मोठी झोपडवस्ती होती. ती 1 मे 2022 रोजी बुलडोझरने साफ केली. तारीख कोणी निवडली ठाऊक नाही, पण कामगार दिनी कामगारांना सुट्टी असते, त्यामुळे सगळे घरी सापडले. ज्यांची कागदपत्रं धड होती त्यांना मलोयात फ्लॅट मिळाले. मलोया शहराच्या पश्चिम टोकाला, काम पूर्व टोकाला. शहर फिरून बघायला इतकी चांगली सोय पर्यटन खात्यानेही केली नसती.

कोठीवाल्यांना मात्र वेगळंच दुःख आहे. कोठी इतकी मोठी की पोरं कॅनडाला गेल्यावर आत हाक मारली तर आपलाच आवाज परत येतो. मजले वेगळे करून विकावेत म्हटलं तर 10 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक ते तीस या जुन्या सेक्टरांत घरांचे असे फ्लॅट पाडायचे नाहीत, शहराचा वारसा आहे. ते मला पटतं. वारसा जपलाच पाहिजे. फक्त मला कधीकधी वाटतं की त्या वारशाच्या मागच्या अंगाला, सर्व्हंट क्वार्टरमध्ये, जी माणसं आठ बाय दहात वारसा झाडून-पुसून ठेवतात, त्यांना तो दिसत असेल का? खिडकी बहुधा गल्लीकडे असते.

आता हे शहर आखणाऱ्या मुख्य माणसाकडे येतो. सेक्टर 19 मध्ये ल कॉर्बुझिए सेंटर आहे. शहर उभं राहत होतं तेव्हा वास्तुकारांचं कार्यालय याच बैठ्या इमारतीत होतं. रविवारी मी तिथे जातो, कारण तिथल्या खोल्या मोठ्या आहेत. भिंतीवर कॉर्बुझिए यांचा तो प्रसिद्ध माणूस दिसतो, एक हात वर केलेला, मोड्युलॉर. सगळी मापं या गड्याच्या अंगावरून घ्यायची अशी कल्पना. उंची 1.83 मीटर, हात वर केला की 2.26. आधी तो 1.75 चा होता, पण इंग्रजी गुप्तहेरकथांतले रुबाबदार पोलीस नेहमी सहा फूट असतात म्हणून त्याला वाढवलं, असं खुद्द कॉर्बुझिए यांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे जगभरची घरं काल्पनिक इंग्रज हवालदाराच्या मापाने बांधायची होती. आमच्याकडे हवालदाराला स्वतःच्याच क्वार्टरमध्ये मान वाकवून शिरावं लागतं, हा भाग वेगळा.

तर कनालांची ही नगरी 1951 मध्ये कागदावर उतरत होती, त्याच वर्षाच्या 30 डिसेंबरला या गृहस्थांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका खानावळीच्या टेबलाशी बसून स्वतःसाठी झोपडीचा आराखडा काढला. बायकोच्या वाढदिवसाची भेट म्हणून. पाऊण तासात काढला असं ते सांगत. झोपडी 3.66 मीटर लांब, 3.66 मीटर रुंद. फुटांत मांडा: बारा बाय बारा. उंची तीच, हवालदाराच्या वर केलेल्या हाताएवढी. कोपऱ्यात शौचकूप, आडोशाला पडदा. स्वयंपाकघर नाही, कारण एक दार थेट शेजारच्या खानावळीत उघडतं.

मी हे वाचलं आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. हे तर गिरगाव! खोली बारा बाय बारा, जेवायला खानावळ, बायकोला वाढदिवसाला स्वप्न. सगळ्या मुंबईची पुरुषजात शंभर वर्षं हेच करत आली आणि कोणी आराखडा जपून ठेवला नाही. फरक एवढाच की त्यांच्या खिडकीतून भूमध्य समुद्र दिसतो आणि माझ्या खिडकीतून समोरच्या शेडचा एक्झॉस्ट पंखा. 2016 मध्ये युनेस्कोने कॉर्बुझिए यांच्या सात देशांतल्या सतरा कामांना जागतिक वारसा ठरवलं. त्या एकाच यादीत इथलं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स आहे आणि ती झोपडीही आहे. बारा बाय बारा माणसाने हौसेने बांधलं तर वारसा. दहा बाय बारात गरजेने राहिलं तर स्टोअर.

जेनरे यांच्या आराखड्यांतून इथल्या कचेऱ्यांसाठी लाकडी खुर्च्या बनल्या होत्या. जुन्या झाल्या म्हणून सरकारने त्यांतल्या कित्येक भंगारात काढल्या, आणि आता परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव येतात. सेंटरमध्ये त्या ठेवल्या आहेत. पाय खाली फाकवलेले, बसणाऱ्याने जागेची काळजी करू नये असा थाट. अशी एक जरी माझ्या खोलीत आली तरी मला जिन्यात बसावं लागेल.

मुंबईत घर लहान असतं, पण ते बारा महिने सारखंच लहान असतं. चंदीगडमध्ये ते ऋतुमानाप्रमाणे आक्रसतं. डिसेंबरात धुकं आलं, हातपाय गारठले आणि मी रजाई आणली. दुकानदाराने ती दोरीने आवळून गठडी करून दिली होती. वर येऊन दोरी सोडली आणि रजाईने दीर्घ श्वास घेतला. कॉट तिची झाली, कॉटपुढची जागा तिची झाली, मी भिंतीला लागलो. आपल्याकडे वळकटी करायची, दोन बुक्के मारायचे, कॉटखाली सरकवायची. इथे बुक्का मारला की ती दुसऱ्या बाजूने वर येते. इथल्या घरांत रजायांसाठी पत्र्याची पेटी असते. आंटीजींनी प्रेमाने त्यांच्याकडची एक जुनी पेटी देऊ केली. मी जाऊन बघितली. पेटीत राहायला जावं आणि रजाई खोलीत ठेवावी, हे जास्त सोयीचं झालं असतं.

एप्रिल सरता सरता कूलर येतो. तो खिडकीत बसतो. खिडकी एकच. म्हणजे हवा येण्यासाठी हवा यायची वाट बंद. कूलरला पाणी, पाण्याला बादली, बादलीला जागा. मे महिन्यात परिस्थिती अशी होती: खिडकीत कूलर, कॉटवर न मावणारी रजाई, दाराशी बादली, आणि मी यांच्यामध्ये पोटभाडेकरू. पंजाबी मंडळींचा आग्रह की या, बसा, जेवून जा. उलट आमंत्रण देणं मला शक्यच नव्हतं. एकदा फक्त विट्याकडचा एक गलाईवाला आला. ही खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. हा दुकानाच्या वरच भट्टीशेजारी झोपतो. त्याने खोलीभर नजर फिरवली, चप्पल जिन्यातच काढली, रजाईवर टेकला आणि म्हणाला, "ऐसपैस आहे की वो!" त्या दिवशी मला भाडं वसूल झाल्यासारखं वाटलं.

आणि मग सुट्टी लागल्यावर बायको आली. आमचं लग्न झालं तेव्हा डोंबिवलीच्या घरात आम्ही सात माणसं होतो. 1970 चा 'मुंबईचा जावई' हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचं सांगायला नको. त्यावरून हिंदीत 1972 मध्ये 'पिया का घर' निघाला, म्हणजे अडचण राष्ट्रीय पातळीवर पोचली. अशा घरात मुरलेली बाई. तिने बॅगा जिन्यात ठेवल्या, दारात उभी राहिली आणि आजूबाजूला बघितलंच नाही. वर बघितलं.

"अहो, ही वर एवढी जागा कुणाची?"

कारखान्याचं बांधकाम, छत बारा फुटांवर. इतके महिने मी तिथे फक्त पंखा आहे असं धरून चाललो होतो.

"कुणाची म्हणजे? आपलीच."

"मग खाली जागा नाही म्हणून रोज फोनवर कशाला रडत होतात?"

चंदीगडच्या माणसाची जागा आडवी असते, आपली उभी. आडवी जागा विकत घ्यावी लागते. उभी जागा बायकोला दिसावी लागते. दुसऱ्या दिवशी तिने खालच्या वर्कशॉपवाल्याकडून एक सरदारजी मिस्त्री मिळवला. त्याला माळा म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं. मिस्त्री हुशार, पण त्याच्या डोक्यात एक शंका शिल्लक राहिली.

"लेकिन बहनजी, ऊपर रहेगा कौन?"

"रजाई."

त्याला हे फार आवडलं. मग उंचीचा प्रश्न आला. त्याने टेप काढला. बायको म्हणाली, टेप राहू द्या. ती भिंतीशी उभी राहिली, टाचा न उचलता उजवा हात वर केला आणि म्हणाली, "इथे. याच्यावर गेलात तर मला डबे पोचणार नाहीत." मिस्त्रीने तिच्या बोटांशी पेन्सिलने रेघ मारली. सेक्टर 19 मधला भिंतीवरचा गडी माझ्या डोळ्यांपुढे आला. तोच हात, तीच पद्धत, फक्त हवालदाराऐवजी पाच फूट एक इंचाची डोंबिवलीकर. शंका काढायला मी तोंड उघडलं की या मापाने माझं डोकं फळीला घासेल. "मग तुम्ही तिकडे जाऊच नका, तो कोपरा स्वयंपाकाचा," असं उत्तर आलं. तो मुद्दाही मार्गी लागला.

खरी भीती आंटीजींची होती. चंदीगडमध्ये भिंतीला खिळा जरी ठोकला तरी नोटीस येईल या धास्तीत जो तो असतो. खिडकीचा आकार बदलला, नोटीस. गच्चीत पत्रा टाकला, नोटीस. ठोकाठोकीचा आवाज वर्कशॉपवाल्याने इमानेइतबारे त्यांच्या कानी घातला, आणि त्या ओढणी सावरत जिना चढून आल्या. मी उभ्याने घामाघूम. बायकोने त्यांना चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "आंटीजी, नक्शे में ये स्टोर है ना? स्टोर में फळी... वो, लकडी का फट्टा तो होताही है."

आंटीजींनी कप खाली ठेवला. इतका कायदेशीर विचार त्यांच्या वकिलानेही कधी मांडला नव्हता. त्या उठल्या, माळ्याखालून एक फेरी मारली, वर गुंडाळून बसलेली रजाई बघितली, रजाईशेजारी बॅगा, बॅगांशेजारी कूलरचं खोकं, खोक्यात माझे हिवाळी बूट. मग खालची मोकळी फरशी बघितली. तिथे आता तीन माणसं मांडी घालून बसू शकत होती आणि बसलीही होती.

"एह तां डुप्लेक्स बण गया जी!" त्या म्हणाल्या.

हे कौतुक आहे असं आम्ही समजलो. पहिल्या तारखेला वर्कशॉपवाल्याकडून निरोप आला की भाडं पाचशेने वाढलं आहे, कारण मजले आता दोन झाले. बायको तोवर डोंबिवलीला परतली होती. तिने फोनवर ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला.

"त्यांना सांगा, खालच्या मजल्याचं भाडं आम्ही देतो. वरच्या मजल्यावर रजाई राहते, तिचं तिच्याकडून घ्या."

मी हे जसंच्या तसं हिंदीत करून सांगितलं. आंटीजी पोट धरून हसल्या आणि पाचशेचे तीनशे केले. त्या तीनशेवरही एक अट घातली. त्यांच्या कनालभर कोठीतही म्हणे पेट्यांनी दोन खोल्या अडवल्या आहेत. मिस्त्री बोलावून ठेवला आहे, लाकूड आलं आहे, फक्त फळी कुठे मारायची ते दिवाळीच्या सुट्टीत येऊन डोंबिवलीवालीने हात वर करून दाखवायचं.